शेवगा, लिंबू आणि उशिराचा चहा

कारखान्यात मला सगळ्या सुईबाई म्हणतात. आमचा कारखाना शर्टांचा. चारशे बायका, चाळीसेक पुरुष, आणि या सगळ्यांसाठी फाटकाजवळ दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, बाकीचे दिवस मी एकटी. कुणाला ताप आला तर बघते, बोटात मशीनची सुई गेली तर पट्टी बांधते, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक बाईच्या बोटाला टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन मोजते. शिवणखात्यात बोटांना सुया रोजच लागतात, पण मी मुद्दाम टोचते म्हणून नाव पडलं ते मला.

बाईचं हिमोग्लोबिन बारा असावं असं पुस्तकात लिहिलंय. आमच्याकडे दहा आलं तरी मी ‘छान’ म्हणते. नऊ, साडेनऊ, आठ असे आकडे लिहून लिहून माझा हात इतका सरावलाय की पुढचा आकडा मी यंत्रावर यायच्या आधीच अर्धा लिहिलेला असतो.

म्हणूनच त्या दिवशी माझी खाडाखोड झाली. इस्त्रीखात्यातल्या चौदा जणी ओळीनं आल्या. पहिलीचं साडेअकरा. मी नऊ लिहून बसले होते, तो आकडा खोडला. दुसरी अकरा. तिसरी अकरा पॉइंट आठ. पाचवी आली तेव्हा मी रक्त तपासायच्या पट्ट्यांचा डबा बदलला. सातव्या बाईनंतर मी स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. दहा पॉइंट चार, म्हणजे नेहमीचंच. यंत्र बिघडलं नव्हतं.

चौदांपैकी बारा जणी अकराच्या वर. सहा महिन्यांपूर्वीचं पान उघडलं, तर त्याच बायका नऊ-साडेनऊवर होत्या.

शुक्रवारी डॉक्टरांपुढे दोन्ही पानं ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“योगायोग असेल.”

“बारा जणींचा? एकाच खात्यातल्या? लाइन एक, लाइन दोन, पॅकिंग, कुठेच काही हललेलं नाही.”

“मग गोळ्या नियमित घेत असतील.”

“लोहाच्या गोळ्यांचं वाटप माझ्याच हातात आहे, डॉक्टर. इस्त्रीखात्यानं वर्षभरात एक पाकीट नेलेलं नाही. पोट बिघडतं म्हणतात.”

डॉक्टर हसले. “मग कुठेतरी पाणी मुरतंय. शोधा तुम्ही. तुम्हांला तसंही स्वस्थ बसवत नाही.”

ते खरं होतं, पण मला बसवत नव्हतं त्याला आणखी एक कारण होतं. माझी धाकटी बहीण शिवणखात्याच्या लाइन दोनमध्ये कॉलर लावते. तिचा आकडा होता आठ पॉइंट चार. महिन्याभरापूर्वी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई नखातून आरपार गेली. गोळ्या दिल्या की ती चार दिवस घेते आणि पाचव्या दिवशी पोट धरून बसते. इस्त्रीखात्याला जे सापडलं होतं ते मला तिच्यासाठी हवं होतं.

इस्त्रीखातं अंगणाच्या पार पलीकडे, बॉयलरच्या शेडला चिकटून आहे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन तिथं गेले. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. लांब टेबलांवरच्या इस्त्र्या बाजूला उभ्या करून बायका डबे उघडत होत्या. सगळ्यांच्या मधे एक जुना बिस्किटांचा डबा होता. एकीनं झाकण काढलं आणि चमचाभर हिरवी पूड स्वतःच्या कालवणात टाकली. मग डबा पुढे सरकला. मागोमाग चिरलेल्या लिंबांची ताटली सरकली. कुणी काही बोलत नव्हतं, इतकं ते रोजचं होतं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“पाला,” पलीकडून आत्या म्हणाली.

आत्या इस्त्रीखात्यातली सगळ्यांत जुनी बाई. तिची सख्खी भाची तिथंच कामाला होती. ती आत्या म्हणायची म्हणून सगळ्या म्हणू लागल्या, आता मॅनेजरसाहेबही म्हणतात.

“कसला पाला?”

“शेवग्याचा. बस, तुलाही टाकते. फार नको घेऊ हं, पहिल्या दिवशी चिमूटभरच. पोट म्हणेल हे कोण नवीन आलं.”

चव गवतासारखी होती, मागून थोडी कडसर. लिंबू पिळल्यावर बरी लागली.

“किती दिवस खाताय?”

“झाले की आठ-नऊ महिने. आधी मी एकटीच खायची. मग या सगळ्या माझ्या डब्यात डोकावायला लागल्या.”

म्हणजे बाकीच्या जणी खायला लागल्या त्या मागच्या तपासणीच्या सुमारास.

जेवण झाल्यावर आत्यानं मला मागच्या दारानं बाहेर नेलं. बॉयलरच्या शेडमागे हातभर रुंदीची मातीची पट्टी होती आणि तिथं ते झाड शेडच्या पत्र्यावरून वर गेलं होतं. बारीक गोल पानांच्या झुपक्यांतून ऊन गाळून खाली पडत होतं.

“हे लावलं कुणी?”

“लावलं कुणी नाही. आम्ही धुतलेली फडकी वाळत घालायला दोरी बांधली होती. तिला टेकू म्हणून मी घराजवळून शेवग्याची फांदी आणून रोवली. महिन्याभरात टेकूला पालवी! मी म्हटलं, बाई, तुला राहायचंच असेल तर राहा.”

“खत-पाणी?”

“पाणी साचलं तर मात्र रुसतो, मुळं कुजतात. बाकी काही मागत नाही. फक्त वर जायची फार हौस. बघ ना, पाला सगळा आभाळात. खाली आम्ही टाचा उंच करून मरतोय.”

पाला वाळवायची जागा तिनं दाखवली. इस्त्रीखात्याच्या कोपऱ्यात, कपाटाच्या वर, जुन्या सुती कापडावर धुतलेली पानं एका थरात पसरलेली होती. “उन्हात घातला की पिवळा पडतो, सत्त्व जातं. इथं सावली आहे आणि वाफेची ऊबही. दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो. मग चुरायचा, चाळायचा, झालं.”

मी मंगळवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “शेवग्याच्या पानात लोह असतं, प्रथिनं असतात, हे खरं. पण सुईबाई, पी हळद आणि हो गोरी असं औषधात नसतं. एका खात्यावरून काही ठरत नाही. दुसऱ्या खात्यात बघा. ज्यांना हवं त्यांनाच द्या, आणि आकडे नीट लिहा. तुमच्या बहिणीला मात्र मी गोळी बदलून देतोय, ती तिनं घ्यायचीच.”

दुसऱ्या खात्यात बघायचं तर पाला कुठून आणायचा? चौदा जणींनाच तो जेमतेम पुरत होता. वाट झाडानंच काढून दिली. पुढच्याच आठवड्यात वारा सुटला आणि शेवग्याची मोठी फांदी काडकन मोडून शेडच्या पत्र्यावर पडली. शेवग्याचं लाकूड म्हणजे मुळ्यासारखं, बघायला जाड पण आत दम नाही. मॅनेजरसाहेब धावत आले, पत्र्याला पडलेला पोचा बघितला आणि म्हणाले, “उद्या हे झाड तोडून टाका.”

इस्त्रीखात्यातल्या बायका दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता आत्या रडेल नाहीतर भांडेल. ती म्हणाली, “तोडा साहेब, मी कधीची म्हणतेय. पण मुळापासून नको. माझ्या कमरेइतकं ठेवा.”

“कमरेइतकं ठेवून काय करणार?”

“ते दोन महिन्यांनी दाखवते.”

साहेबांना पत्र्याची काळजी होती, कमरेची नव्हती. ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुतार करवत घेऊन आला आणि झाडाचा नुसता खुंट उरला. एवढं मोठं हिरवं झाड, आणि जागेवर कमरेइतका ओंडका. मला बघवेना. आत्या मात्र पडलेला पाला पोत्यांत भरून घेत होती. तीन पोती भरली. हाताएवढ्या जाड फांद्यांचे तिनं नऊ तुकडे करवून घेतले, प्रत्येक साधारण छातीइतका उंच, आणि चार दिवस सावलीत टेकवून ठेवले.

“लगेच नाही लावायचे?”

“ओली जखम मातीत गेली की कुजते. आधी खपली धरू दे.”

पाचव्या दिवशी ते नऊ तुकडे आम्ही लाइन दोनच्या बाहेरच्या भिंतीलगत लावले. दोन वाळले, सात फुटले. खुंटाचं तर विचारूच नका. तीन आठवड्यांत त्याच्या डोक्यावर चहूबाजूंनी धुमारे आले, आणि दोन महिन्यांनी कमरेपासून डोक्यापर्यंत नुसती झुडपी हिरवाई. आत्यानं साहेबांना बोलावून नेलं आणि उभ्या उभ्या, टाच न उचलता, टोपलीभर पाला खुडून दाखवला.

तोवर लाइन दोनमध्ये माझा प्रयोग सुरू झाला होता. वीस जणी तयार झाल्या, त्यांत माझी बहीण. तीन पोत्यांतल्या पाल्याची पूड मी प्रत्येकीला आठवड्याच्या आठवड्याला मोजून पुडीत द्यायची. तीन महिने मी एकही आठवडा चुकवला नाही. दर सोमवारी विचारायची, “खाल्लं का?” आणि वीसच्या वीस जणी म्हणायच्या, “खाल्लं, सुईबाई.”

तीन महिन्यांनी बोटं टोचली. चौघींचा आकडा अर्ध्यानं वर, तिघींचा खाली, बाकी सगळ्या जिथल्या तिथं. माझी बहीण आठ पॉइंट सहा.

तिनं यंत्रावरचा आकडा वाचला. “ताई, तीन महिने मी शेळीसारखा पाला खाल्ला. आता फक्त बें करायचं राहिलंय.”

“गोळ्या?”

“त्याही घेतल्या. नवीन गोळीनं पोट दुखत नाही, म्हणून रोज घेतल्या. आईशप्पथ.”

मी हसले नाही. पाला दोन्हीकडे एकच होता. एकाच झाडाचा, एकाच कपाटावर वाळलेला. मग इस्त्रीखात्यात चाललं ते लाइन दोनमध्ये का चालू नये? आणि गोळी? गोळीनं तरी काम करायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे तो योगायोगच होता बहुतेक.” मला ते पटेना. खरं सांगायचं तर मला त्या दिवसापासून झोपेतही चौदा आणि वीस हे दोनच आकडे दिसायचे.

शेवटी मी ठरवलं की विचारणं बंद, आता नुसतं बघायचं. डॉक्टरांच्या एका शुक्रवारी त्यांना दवाखान्यात बसवून मी लाइन दोनमध्ये जाऊन बसले. साडेबाराला घंटा झाली. मशीनं थांबली, डबे उघडले. आणि पाचच मिनिटांत दारातून चाकांचा खडखडाट आला. किटलीकाकांची गाडी. त्यांचं खरं नाव आमच्या हजेरीपटात असेल, पण ते दोन मोठ्या किटल्या घेऊन फिरतात म्हणून सगळ्यांचे किटलीकाका.

बायकांनी पेले पुढे केले. माझ्या बहिणीनं पुडी सोडली, चहात उलटी केली, चमच्यानं ढवळली आणि नाक दाबून प्यायली. वरून गोळीही त्याच चहाबरोबर गिळली.

“हे काय करतेस?”

“मग काय करू? जेवणात घातलं की सगळं जेवण गवत लागतं. चहात कळत नाही.”

मी आजूबाजूला बघितलं. सात-आठ जणी तेच करत होत्या. बाकीच्यांनी पूड जेवणात घातली होती, पण चहा घासागणिक चालूच होता.

मी उठले आणि किटलीकाकांच्या गाडीमागे चालायला लागले.

“काय गं सुईबाई, चहा हवाय का?”

“नाही काका. तुम्ही कुठं कुठं जाता ते बघायचंय.”

“बघ बाई. पोलीस चौकशी असली तर आधी सांग.”

फाटकाजवळून आधी कापड कापायचं कटिंगखातं, मग लाइन एक, लाइन दोन. मग मागे वळून किटल्या भरायच्या. मग पॅकिंग, गोदाम, ऑफिस. ऑफिसात पेले धुऊन द्यावे लागतात, तिथं वेळ जातो. मग अंगण ओलांडून सगळ्यांत शेवटी इस्त्रीखातं. तिथं पोहोचलो तेव्हा घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. बायका केव्हाच कामाला लागल्या होत्या.

“आला का गार चहा!” एकजण ओरडली. “काका, दहा वर्षं झाली तक्रार करून. आमच्या नशिबी कायम तळाचा चहा!”

मी दारातच उभी राहिले. दहा वर्षं त्या ज्याच्यावर चिडत होत्या, तो चहा त्यांच्या पोटात जेवणानंतर तासाभरानं जात होता. आणि जेवताना त्यांच्याजवळ प्यायला काही गरम नसायचं म्हणून त्या पाणी प्यायच्या, लिंबू पिळायच्या.

धावतच दवाखान्यात गेले. डॉक्टर हात धूत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. ते हात पुसायचे विसरले.

“अहो, हे मी तुम्हांला आधीच सांगायला हवं होतं. जेवणाबरोबर घेतलेला चहा झाडपाल्यातलं लोह अडवतो, गोळीतलंही अडवतो. लिंबू उलट मदत करतं. मी गोळीच्या चिठ्ठीवर लिहितोसुद्धा.” मग म्हणाले, “पण ती चिठ्ठी वाचतं कोण, हे कधी विचारलं नाही मी.”

आता कारण कळलं होतं, पण चारशे बायकांच्या तोंडचा चहा कोण काढणार? मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. म्हटलं, काकांची फेरी दोनला सुरू करा. ही बातमी माझ्याआधी शिवणखात्यात पोहोचली. दुसऱ्या दिवशी लाइन दोनची मुकादमीण दवाखान्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी.

“सुईबाई, रक्त घेतलंस ते घेतलंस, आता चहाही घेणार?”

“घेत नाही गं. फक्त पुढे ढकलतेय.”

“दीडला डोळे मिटायला लागतात आमचे. चहानंच तर उघडे राहतात.”

“दोनला पी की. तेव्हा जास्त मिटतात.”

ते खरंच होतं. शेवटी तीन महिन्यांपुरतं ठरलं. जेवणाबरोबर लिंबू आणि पाणी, चहा दोन वाजता, तोही गरम. किटलीकाकांनी एकच अट घातली, की आता फेरी इस्त्रीखात्यापासून सुरू करणार. “दहा वर्षांच्या शिव्या धुऊन काढायच्यात मला.”

आत्याला जेव्हा मी म्हटलं, “तुझ्यामुळे हे सगळं कळलं,” तेव्हा ती म्हणाली, “मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस. मी महिनाअखेरीला भाजी संपते म्हणून पाला खायची. रक्त-बिक्त मला काय माहीत!”

“मग शेवग्याच्या झाडावर चढवते.”

“नको गं बाई, मोडेल.”

तीन महिने गेले. मधे एकदा नव्या रोपांवर केसाळ अळ्या पडल्या. खोडावर गालिचा अंथरल्यासारख्या बसल्या होत्या. हात लागला त्या दोघींची कातडी रात्रभर खाजली. बॉयलरवाल्यानं काठीला चिंधी बांधून, पेटवून, खोडाला धग लागणार नाही अशा बेतानं त्या झाडल्या. आठवडाभर पाला मिळाला नाही, मग पुन्हा फुटला.

मग मी बोटं टोचली. या वेळी मी आकडा आधी लिहीत नव्हते, पेन टेबलावर ठेवून यंत्राकडेच बघत होते. वीसपैकी पंधरा जणी वर गेल्या होत्या, कुणी एकानं, कुणी दीडनं. पाच जणी तशाच. त्यांतल्या दोघी घरी जाऊन जेवायच्या आणि तिथं चहा घ्यायचा तो घ्यायच्याच. उरलेल्या तिघींचं कारण मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी त्यांना मोठ्या तपासणीला पाठवलंय. माझी बहीण दहा पॉइंट नऊ. पण ती गोळीही घेत होती, पालाही खात होती, चहाही उशिरा पीत होती, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते मला सांगता येत नाही. वहीत मी तिन्ही कारणं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

ती म्हणाली, “प्रश्नचिन्ह माझ्यापुढे नको काढू. मला काल जिन्यावर धाप लागली नाही, हे लिही.”

मी तेही लिहिलं.

त्याच संध्याकाळी किटलीकाका दवाखान्यात आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, “सगळ्यांचं बघितलंस. माझंही बघ की.”

मी टोचलं. नऊ पॉइंट एक. पुरुषाला तेरा तरी हवं. मी पुन्हा टोचलं. तेच.

“चहा कमी करू का?” ते हसत म्हणाले. “आत्याकडून पाला घेतो थोडा.”

मला हसू आलं नाही. आता मला आकड्यामागे आणखी काय असू शकतं हे बघायची सवय लागली होती. मी विचारलं, “काका, पोट दुखतं का?” ते म्हणाले, कधीचं. रिकाम्या पोटी जास्त. शौचाला काळं होतं का? त्यांनी मान खाली घातली.

दुसरा दिवस मंगळवार होता. डॉक्टरांनी पाल्याचं नावही काढू दिलं नाही. “पुरुषाचं रक्त असं उगाच उतरत नाही. आजच जायचं, आत्ता.” स्वतःच्या गाडीतून त्यांनी काकांना रुग्णालयात नेलं. पोटात जखम निघाली, महिनोन्‌महिने झिरपत होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे.

काका सोळा दिवसांनी परत आले, गाल बसलेले, पण पावलं नीट पडत होती. तोवर त्यांची गाडी पॅकिंगमधल्या बायका आळीपाळीनं ढकलत होत्या आणि चहा इतका पांचट करत होत्या की सगळ्यांनी काकांचं स्वागत माहेरवाशिणीसारखं केलं. त्यांना स्वतःला आता चहा बंद होता. दोन वाजता ते किटल्या भरून निघाले, आणि लाइन दोनच्या भिंतीजवळ थांबून एका रोपाचा कोवळा शेंडा खुडून त्यांनी तोंडात टाकला.

“कसा लागतो?” मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ चावला. “वाईट,” ते म्हणाले, आणि गाडी पुढे ढकलली.